तेवीस नंबरची वही

१० मार्च, सोमवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. रक्कम एक लाख रुपये, चेकने. जागा बोरगावच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यातली मॅनेजरची खोली. हजर पाच जण: मॅनेजरसाहेब, मजूर पुरवणारा ठेकेदार, सतरा दिवसांपूर्वी रस्त्यावर मेलेल्या आमच्या एका मशीनवाल्याची बायको, त्याच गावचा त्याचा शेजारी, जो आमच्याकडेच कामाला होता, आणि मी. मी तिथला हजेरीबाबू. ठेकेदाराच्या माणसांच्या येण्याजाण्याची नोंद एकोणीस वर्षं माझ्याच अक्षरात होती.

चेक टेबलावर पेपरवेटखाली ठेवला होता. त्याच्या बाजूला हिंदीत टाइप केलेला कागद; आमच्याकडे कागदोपत्री काम हिंदीतच चालतं. त्यात लिहिलं होतं की मृत मजूर २० फेब्रुवारीला दुपारी तीन ते रात्री अकरा या पाळीत कामावर होता, अकराला तो फाटकाबाहेर गेला, २१ तारखेला सकाळी झालेल्या अपघाताचा कामाशी संबंध नाही, आणि ही रक्कम केवळ माणुसकीच्या नात्याने दिली जात आहे. खाली सहीची रेघ.

साहेबांनी माझं रजिस्टर उघडून तिच्याकडे फिरवलं. "बाई, हे बघा. अकराला गेला. अपघात सकाळी सात पंचवीसला. मधले आठ तास तो आमच्याकडे नव्हता."

"मंग रातभर कुठी होते ते?" तिने विचारलं.

"ते आम्हाला कसं माहीत असणार?"

ठेकेदार खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "जवान माणूस होता बाई. कोणाले काय सांगून जाते माणूस."

ती एकदम लाल झाली. तिला तो टोमणा कळला होता. तिने शेजाऱ्याकडे पाहिलं. तो पायाच्या अंगठ्याने फरशीवरची रेघ घासत होता. मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरकडे पाहिलं. तिथे सगळं बरोबर होतं. अकरा ते सात या पाळीत सेहेचाळीस माणसं पाहिजे होती, सेहेचाळीस नावांपुढे हजेरी होती, आणि त्या रात्री अकराला मी मोजली तेव्हा मशीनवर सेहेचाळीसच माणसं उभी होती.

फक्त त्यातलं एक नाव शेजाऱ्याचं होतं, आणि त्याच्या जागी उभा होता तो हिचा नवरा.

"मी सासूबाईले विचारतो अन् उद्या सांगतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात. साहेब म्हणाले, उद्या चालेल, पण परवा नको. अकरा वाजून एकतीस मिनिटांनी आम्ही उठलो. अकरा मिनिटांत मी एक शब्द बोललो नव्हतो.

त्या रात्रीचा प्रकार समजायचा तर आमच्या कारखान्यातली उसन्या पाळीची पद्धत सांगायला हवी. सौंसर-पांढुर्ण्याकडचा कामगार हा निम्मा कामगार आणि निम्मा शेतकरी. कोणाची तीन एकर संत्री, कोणाची दोन एकर पराटी, म्हणजे कापूस. तोड आली, वेचणी आली की घरचा माणूस घरी लागतो, आणि ठेकेदाराच्या माणसाला रजा नावाची गोष्ट नाही. एक खाडा झाला की दुसऱ्या दिवशी जागा दुसऱ्याची. म्हणून लोकांनी गावातलाच व्यवहार कारखान्यात आणला. शेतात कसं, आज मी तुझ्या पेरणीला येतो, उद्या तू माझ्या. इथे आज मी तुझी पाळी करतो, पुढच्या महिन्यात तू माझी कर. हजेरी ज्याची पाळी त्याच्या नावावर, पगार त्याच्या खात्यात, आणि ज्याने अंग मोडलं त्याची एक पाळी येणं. पैशाचा संबंध नाही. कोणी बुडवल्याचं मी ऐकलं नाही.

अंगठ्याचं यंत्र कंपनीच्या पक्क्या माणसांसाठी होतं. ठेकेदाराची माणसं माझ्याच रजिस्टरवर. सहा वर्षांपूर्वी पहिली उसनी पाळी माझ्या लक्षात आली तेव्हा मी त्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, "बाबूजी, तुमाले माणसं मोजून पाहिजे ना? मोजून घ्या. एक कमी भरला तं मले सांगजा." मी मोजली. बरोबर होती. मला ती पद्धत आवडलीसुद्धा. मीही शेतकऱ्याच्याच घरचा. त्यात मला शेजारधर्म दिसला. डोकी बरोबर भरली की मी रजिस्टर बंद करत होतो. एका डोक्यावर किती तास चढले हे मोजायचा रकानाच माझ्या रजिस्टरात नव्हता, आणि तो आखावा असं मला कधी वाटलं नाही.

जानेवारीत नागपूरहून एक मॅडम आल्या. तिशीच्या आतल्या. कामगारांचा थकवा, झोप, आणि त्यामुळे यंत्रावर व येण्याजाण्याच्या रस्त्यावर होणाऱ्या चुका, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. कंपनीने परवानगी दिली, कारण माल घेणारी बाहेरची मोठी गिऱ्हाइकं असल्या गोष्टी विचारायला लागली होती. मॅडमने चाळीस माणसं निवडली आणि मला सांगितलं, "सर, मला नावं नकोत. तुम्ही प्रत्येकाला एक नंबर द्या. नंबर कोणाचा हे मलाही सांगू नका. नाव नसलं की लोक खरं लिहितात."

नंबर मी दिले. यादी माझ्या कपाटात कुलपात ठेवली. प्रत्येकाला एक छोटी वही मिळाली: किती वाजता उठलो, किती वाजता झोपलो, काम किती ते किती, आणि शेवटी एक ते नऊपैकी किती दमलो. फाटकाबाहेर पडायच्या आधी भरायची आणि शनिवारी पेटीत टाकून नवी घ्यायची. सगळ्यांत नेटकी वही तेवीस नंबरची. तो कटिंग मशीनवर होता, चौतीस वर्षांचा, बारावी शिकलेला. पेन्सिल कानावर ठेवायचा.

मॅडमकडे एक काळी डबी होती. तिच्यावर लाल दिवा लागला की बटण दाबायचं. पाच मिनिटं. दिवा केव्हा लागेल ते सांगता येत नाही. मी एकदा हौसेने बसलो. महिनाअखेर होती, आदल्या रात्री पगारपत्रकं करत घरी दीड वाजला होता. पाच मिनिटं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, चार वेळा तुम्ही बटण दाबलंच नाही."

"लाईट लागलाच नाही."

"लागला होता."

"मॅडम, मी पूर्ण वेळ डबीकडेच पाहत होतो. डोळे उघडे होते माझे."

"हो. मी तुमच्याकडेच पाहत होते. उघडेच होते." त्या हसल्या नाहीत. "अडचण हीच आहे. माणूस दोन-तीन सेकंद तिथे नसतो, आणि आपण नव्हतो हे त्याला कळत नाही. तुम्ही शपथेवर सांगाल की लागला नाही. खुर्चीवर बसलेले असताना ठीक आहे."

दारात तेवीस नंबरवाला आपल्या पाळीची वाट पाहत उभा होता. तो म्हणाला, "बाबूजी, आता तुमचीच अर्धी हजेरी लावा आज." मी त्याला म्हटलं, तू तुझं पाहा. त्याचे त्या दिवशी किती चुकले ते मला माहीत नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडम माझ्या खिडकीशी आल्या. "सर, तुमच्या रजिस्टरप्रमाणे ही माणसं आठ तास काम करतात, सोळा तास मोकळी असतात. पण त्यांचे हात तसं सांगत नाहीत. हे लोक आणखी कुठे काम करतात का?"

मी म्हणालो, "संत्र्याची तोड चालू आहे मॅडम. घरचं शेत असतं."

हे खोटं नव्हतं. त्या पुढे काही विचारतील म्हणून मी थांबलो होतो. त्यांनी विचारलं नाही, वहीत लिहून घेतलं आणि गेल्या. त्यानंतर नऊ दिवसांनी तेवीस नंबरवाला मेला.

मोहगावच्या अलीकडे, पांढुर्ण्याच्या दिशेने, रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या कॅरेटांनी भरलेली ट्रॉली उभी होती. ट्रॅक्टर डिझेल आणायला सोडून नेला होता. ऊन पडलेलं होतं, धुकं नव्हतं. त्याची मोटारसायकल मागून ट्रॉलीत घुसली. पंचनाम्यात भरधाव आणि निष्काळजीपणे असं आलं. २ मार्चच्या रविवारी मी तिथे जाऊन आलो. वळण संपतं तिथपासून ट्रॉलीच्या जागेपर्यंत चालत मोजलं. तीनशे दहा पावलं, सरळ रस्ता. पन्नासच्या वेगाने धरलं तर सोळा सेकंद ती ट्रॉली त्याच्यासमोर होती. डांबरावर ब्रेकची खूण नव्हती. कॅरेटांतून पडलेली संत्री लोकांनी उचलून नेली होती, काही चाकांखाली येऊन रस्त्याला चिकटली होती.

त्या दिवशीच मला सगळं कळलं होतं. तरीही मी आठ दिवस रजिस्टर लिहीत राहिलो.

तर १० मार्चला खोलीतून बाहेर पडल्यावर ती बाई माझ्या खिडकीशी आली. पिशवीतून एक छोटी वही काढली.

"हे तुमचं घरी राहिलं होतं बाबूजी. डब्याच्या थैलीत होती. पोलिसांनं थैली वापस देल्ली तवा निघाली. ते म्हणत, मॅडमनं मोजून देल्ल्या हायेत, एक बी हरवाची नाही."

वर २३ लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. मी म्हटलं, ठेवा इथे. ती गेली. मी वही उघडली.

तीन आठवड्यांच्या वह्या आधीच पेटीतून गेल्या होत्या. ही शेवटची, सोमवारपासूनची. गुरुवारच्या पानावर असं होतं: उठलो पहाटे ४, ओलित, शेताला पाणी. काम १, दुपारी ३ ते ११. काम २, ११ ते ७. झोप, मधल्या सुट्टीत कागदाच्या रीळावर २० मिनिटं. आत्ता ६.५०. दमलो, ५. पाच खोडून ८ केला होता.

पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी सात पंचवीस. सत्तावीस तास पंचवीस मिनिटं, वजा वीस.

एका कपाटात माझं रजिस्टर होतं, नावासकट, शिक्क्यासकट, आणि त्यात तो आठ तास बेपत्ता होता. आणि हातात ही नाव नसलेली वही. वही कपाटात ठेवून कुलूप लावायला मला कोणी अडवणार नव्हतं. फाटकावरच्या कॅमेऱ्याचं चित्र पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जातं. साहेबांनी बाईला सतराव्या दिवशी बोलावलं होतं.

दुपारी शेजारी चहाच्या टपरीवर भेटला. माझ्याच मागे आला होता.

"बाबूजी, मी त्या राती बगीच्यात होतो. व्यापाऱ्याची गाडी सकाळी पाचले लागणार होती, तोड राहिली होती अर्धी. त्यालेच मनलं, माही एक शिफ्ट काढ. तो हो मनला. मी काही जबरदस्ती नाही केली."

"मी तसं म्हटलं का?"

"आता मी बगीच्यात होतो असं सांगतलं तं माह्या नावावरची हाजरी खोटी. नोकरी जाते, अन् वरून चोरीचा केस."

"चोरी कशाची?"

"पगाराची. ठेकेदार मनून राहिला." त्याने चहा तसाच ठेवला. "माहं घर त्याच्या घराले लागून हाये बाबूजी. सकाळी त्याची माय अंगणात बसते. मी मागच्या दारानं निघतो."

घरी सौंसरला आलो. जेवताना बायको म्हणाली, "मीठ कमी हाये काय?"

"नाही."

"मंग बोटानं ताटात काय लिहून राहिले?"

मी सत्तावीस पंचवीस लिहीत होतो. मी तिला सांगितलं, सगळं. तिने भाकरी खाली ठेवली.

"भाजीवाल्याचे दोन रुपये जास्त आले तं तुमी बसस्टँडपर्यंत वापस द्याले जाता."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

मी भाकरी मोडली. ती म्हणाली, "पोराची फी जूनमध्ये हाये."

"माहीत हाये मला."

"तुमाले माहीत हाये, हे मले माहीत हाये. मी फक्त सांगून राहिली." मग ताटं उचलताना: "त्या बाईले लोक काय म्हणून राहिले असतील गावात, रातभर कुठी होता म्हणून. ते पाहा आधी."

रात्री साडेनऊला मी मॅडमला फोन केला. नंबर किंवा नाव सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की एका वहीत असं आहे आणि ती जमा व्हायची राहिली आहे. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे आलेल्या वह्या मी कोणालाही दाखवू शकत नाही, सर. कोर्टाने मागितल्या तरी मी आधी नाही म्हणेन. पण जी माझ्याकडे आलीच नाही ती माझी नाही. ज्याने लिहिली त्याची आहे." आणि फोन ठेवायच्या आधी: "म्हणजे तुमचं रजिस्टर मी वापरू शकत नाही. सगळे तास परत काढावे लागतील. तुम्ही मला फेब्रुवारीत सांगायला हवं होतं."

मी हो म्हणालो. एकोणीस वर्षांत माझ्या रजिस्टराबद्दल असं कोणी बोललं नव्हतं.

मंगळवारी सकाळी सातला मी त्यांच्या गावी गेलो. म्हातारी अंगणात खाटेवर होती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बाईने पाणी आणलं. मी वही तिच्या हातात दिली.

"ही तुमची आहे. परत करायची गरज नव्हती. आजची सही करू नका."

मग गुरुवारचं पान उघडून वाचून दाखवलं. उसन्या पाळीचं सांगितलं. त्या रात्री तो कुठेही गेला नव्हता, मशीनवर होता, माझ्या खिडकीपासून चाळीस फुटांवर, हे सांगितलं. ती दुसऱ्यांदा पान वाचत होती. ओठ हलत होते.

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

"काल बी माहीत होतं? तो ठेकेदार बोलला तवा?"

"हो."

"मंग बोलले काहून नाही?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हातारी खाटेवरून म्हणाली, "माह्या डोयासाठी केलं त्यानं हे." सून तिला गप्प करू लागली, पण ती बोलत राहिली. मार्चच्या शेवटी नागपूरला ऑपरेशन ठरलं होतं. एका डोळ्याचं झाल्यावर दुसऱ्याचं. आधी तपासण्या, नंतर दर चार तासांनी औषध, धूळ नको, एकटं सोडायचं नाही. दहा दिवस घरी कोणी तरी पाहिजे आणि सून मजुरीला जाणारी. म्हणून तो पाळ्या साठवत होता. चार माणसांकडे नऊ पाळ्या. मार्चमध्ये त्या एकदम फेडून घ्यायच्या आणि घरी बसायचं. त्याच्या या जादा पाळ्या मला आता समजल्या. तो कोणाच्या भिडेने उभा राहत नव्हता. तो रजा कमवत होता.

"मी लिहून देतो," मी म्हणालो. "माझ्या सहीने."

"तुमचं काय होईन?"

"ते मी पाहतो."

ती म्हणाली, "पाहा." त्यात राग होता की नाही ते मला ओळखता आलं नाही. निघताना शेजारच्या घराचं मागचं दार वाजल्याचा आवाज आला.

त्याच दिवशी मी दोन पानी अर्ज लिहिला, हिंदीत. एक प्रत साहेबांना, एक छिंदवाड्याच्या श्रम कार्यालयात. त्या रात्री कटिंग मशीनवर कोण होता, त्या महिन्यात कोणी कोणाच्या नावावर पाळी केली, माझ्या आठवणीत होत्या तेवढ्या सगळ्या. साहेबांनी उभ्या उभ्या वाचला.

"एकोणीस वर्षं तुम्ही खोटं रजिस्टर लिहिलंत, असं लिहून देताय?"

"एकोणीस नाही साहेब. सहा."

ठेकेदार तिथेच होता. म्हणाला, "लई इमानदार तुमी बाबूजी. सहा वर्ष कुठी गेलती इमानदारी? ओलिताले?"

त्याचं बोलणं लागलं, कारण ते खरं होतं. मला महिन्याची मुदत देऊन राजीनामा घेतला. शेजाऱ्याने श्रम कार्यालयात सुनावणीच्या पहिल्या तारखेला सांगितलं की त्या रात्री आपण स्वतः कामावर होतो. दुसऱ्या तारखेला अधिकाऱ्याने त्याच्यासमोर वही ठेवली. अक्षर ओळखतो का, विचारलं. त्याने पानाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी बगीच्यात होतो साहेब. कॅरेट भरत होतो." त्याच आठवड्यात त्यालाही काढलं.

आता बोरगावच्या त्या कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांनाही अंगठा लावावा लागतो. उसनी पाळी बंद झाली. रजा मात्र सुरू झाली नाही. तोडीच्या दिवसांत लोक रात्रपाळी करून सरळ बगीच्यात जातात आणि तिथून दुपारी परत येतात. तास तेवढेच आहेत. रस्ताही तोच आहे. मॅडमने आपल्या अहवालात हे लिहिलं आहे असं त्यांनी फोनवर सांगितलं. कंपनीने प्रत घेतली आणि पोच दिली.

नऊ पाळ्यांचं असं झालं. तिघांकडे आठ होत्या, तीन, तीन आणि दोन. त्यांना कोणी मागितल्या नव्हत्या. ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. त्या तिघांनी आपापसांत दिवस वाटून घेतले. एकाने म्हातारीला नागपूरला नेलं-आणलं, बाकीचे पाळीपाळीने अंगणात बसले, घड्याळ पाहून औषध घातलं आणि संध्याकाळी घरी गेले. आठ दिवस भरले. नवव्या दिवशी सकाळी शेजारी पुढच्या दाराने आला. बाईने त्याला दारातच सांगितलं, "तुमचा दिवस राहू द्या तुमच्यापाशी." त्या दिवशी ती मजुरीला गेली नाही, स्वतः घरी बसली. म्हातारीला एका डोळ्याने आता दिसतं. पहिल्यांदा तिने मुलाचा फोटो मागितला होता, असं त्या तिघांतल्या एकाने मला सांगितलं.

श्रम कार्यालयात चौथ्या तारखेला, सप्टेंबरमध्ये, तडजोड झाली. नियमाप्रमाणे किती बसतं त्याचा हिशेब मी बाईच्या वकिलाला करून दिला होता. तो आकडा तडजोडीच्या दुपटीहून मोठा होता. ठेकेदाराचं म्हणणं, मेला रस्त्यावर, कारखान्यात नाही, आणि चूक रस्त्यात उभ्या ट्रॉलीची. वकील म्हणाला, लढलो तर चार वर्षं. बाई म्हणाली, घ्या.

त्यानंतर अधिकाऱ्याने विचारलं, त्या रात्रीच्या मजुरीचं काय? ती शेजाऱ्याच्या खात्यात जमा झाली होती. त्याच्या शेवटच्या हिशेबातून ती कापून ठेवली आहे, असं ठेकेदाराने सांगितलं. त्याने व्हाउचरचं पुस्तक काढलं आणि माझ्याकडे सरकवलं. "लिहा बाबूजी. तुमचंच अक्षर चालते सगळीकडे." मी साक्षीदार म्हणून आलो होतो. मी लिहिलं: २० फेब्रुवारी, रात्री अकरा ते सकाळी सात, कटिंग मशीन, आणि पुढे ज्याने काम केलं होतं त्याचं नाव.

बाईने सही करायच्या आधी ते वाचलं. "आता त्या राती ते कामावर होते, असं लिहिलं ना?"

"लिहिलं."

त्या दिवशी दिलं गेलं ते असं. मृताच्या बायकोला चेकने तीन लाख साठ हजार. मृताच्या आईला चेकने एक लाख ऐंशी हजार. आणि एका रात्रपाळीची मजुरी, रोख चारशे अडुसष्ट रुपये, मृताच्या नावावर, बायकोच्या हातात.